टाकीचा उपवास

ये गं, अशी जवळ ये. आनि आधी तो नाकावरचा रुमाल काढ, आक्काच्या दारात बसून नाक झाकतीस व्हय? येतोय का कसला वास? न्हाई ना, मग. किती दिसांनी आलीस ते तर मी बोलतच न्हाई. घे, च्या घे. हा कशावर झालाय ठावं हाय का? ह्या बिल्डिंगीतल्या लोकांच्या खरकट्यावर.

काय सांगू तुला, ही सोसायटी उभी हाय ती आमच्या सासऱ्याच्या वावरात. कात्रजच्या अलीकडं तवा सगळी शेतंच, मी सून म्हनून आले तवा दारात म्हशी, शेन काढायचं, धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, त्यातच जन्म गेला म्हन ना. मग जमीन बिल्डरला गेली, म्हशी धाकट्या दिरानं घाटाकडं नेल्या, मालक वारले, आनि मी नि माझी सून मंदा, आमी ह्या खोलीत आलो. सोसायटीनं मागं ती टाकी बांधली, ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची. ती आमी सांभाळायची, त्याबद्दल ही खोली नि शेगडीला गॅस. त्यावर आमी वॉचमन लोकांची, कामवाल्या बायांची पोळीभाजी करतो. म्हंजे टाकी हाय तर आमी हाय.

टाकी म्हंजे पोटच समज. आत हवा जात न्हाई, बारीक जीव असत्यात, डोळ्याला दिसत न्हाईत, ते खरकटं कुजवत्यात नि गॅस सोडत्यात, मग वरचा रबरी फुगा भरतो. उरलेली मळी झाडांना. हे मला प्राचीनं शिकवलं, टाकी बसवनारी इंजिनियर पोरगी, अमरावतीकडची.

तर टाकी झाल्यावरचा पयलाच पितरपाट आला. आता तूच सांग, पितरांच्या नावचं पान वाढलं, कावळ्याला घातलं, तरी उरतंच की. ते कचऱ्याच्या गाडीत टाकायला जीव धजतो का? दारात गाय न्हाई. मग एका वहिनींनी वडे नि खीर टाकीच्या तोंडात ओतली, तिचं बघून दुसरीनं, मग जो तो यायचा, मी भाजीला गेले की, मंदा आत कामात असली की, ओतून हात जोडून जायचा. हात जोडून बरं का!

आनि एक दिवस सकाळी मंदा म्हनली, आत्या, फुगा तर टम्म हाय पन शेगडी पेटंना. मी म्हनलं काड्या सर्दावल्या असतील. कसल्या सर्दावल्यात, आख्खी पेटी संपली. आनि आंबूस वास असा सुटला की वरच्या मजल्यावरची लोकं खिडक्या लावून बसली. सेक्रेटरी जोशीकाका, सदाशिव पेठेतनं इथं राहायला आलेले, ते खाली आले नि म्हनले, आक्का, अत्तराचा कारखाना जोरात चाललाय वाटतं. मग खुर्ची ओढून म्हनले, रविवारी मीटिंग आहे, लोक म्हणतायत टाकी बुजवा, आणि खरं सांगू, मलाही तेच वाटतं. टाकी बुजली तर आमाला खोली कशापायी ठेवतील?

प्राचीला बोलावलं. तिनं एक कागदाची पट्टी आत बुडवून बघितली नि कपाळाला हात लावला. काहून इतकं गोडधोड टाकून राहिले तुम्ही लोकं? हिला तर पित्त झालं ना आक्का! आत आंबट चढलं की गॅस करनारे जीव मरगळत्यात, मग फुगा भरतो पन आतला गॅस जळत न्हाई, असं तिनं सांगितलं. उपाय? खायला घालनं बंद, जरासा चुना, नि ताजं शेन पान्यात कालवून थोडं थोडं. शेन म्हनल्यावर मला हसूच आलं. दिराला फोन केला, तो म्हनला, वैनी, म्हशी ईचारत्यात तुमाला, नि टेम्पोत घालून घेऊन आला.

मीटिंगीत सगळे एकच बोलत व्हते, बुजवा, बुजवा. मी कोपऱ्यात उभी. तर जोशीकाका उठले. म्हनले, खीर मीही घातली होती. आमच्या हिच्या श्राद्धाची. तिला आवडायची, गाडीत टाकवेना मला. टाकी आपण सगळ्यांनी बिघडवली, आक्कांनी नाही. दिवाळीपर्यंत थांबू. मग एकेकानं हात वर केला, थांबू म्हनून. सगळ्यांनीच तर घातलं व्हतं.

दुसऱ्या दिसापासनं काका टाकीपाशी पेपर घेऊन बसायला लागले. कोन ताट घेऊन आलं की म्हनायचे, तिचा उपवास आहे. तुम्ही खाल्लंत तर पितर रागावणार नाहीत. मी शेन कालवायची, मंदा रोज काडी लावून बघायची. आधी नुसतं फुस्स. मग पिवळं, लगेच इझायचं. आनि दिवाळीच्या तोंडावर एकदा धरली गं ज्योत, निळी, सरळ! मंदा वरडली, आत्या, पेटली! वास तर कवाच गेला व्हता. मी पयली तांदळाची खीर ठेवली नि काकांना वाटी दिली. त्यांनी सगळी खाल्ली, आनि म्हनले, साखर कमी आहे.

आता पितरपाटात सगळी पानं माझ्याकडं येत्यात, उघड उघड. टाकीला पचंल तेवढं मी घालते, बाकी दिराच्या म्हशींना. पलीकडच्या सोसायटीची लोकंबी बघून गेली, त्यांनाबी बांधायची म्हनत्यात. भलं व्हवो त्यांचं. तू लवकर ये परत, आईला घेऊन ये, पिठलं-भाकरी करते ह्याच शेगडीवर. आनि तो रुमाल घरी ठेवून ये.