परत आणायचं कलम

(सप्टेंबर १९३९. आखाताच्या किनाऱ्यावरचं अल-गाफ हे छोटंसं शेखराज्य. इंग्रज अधिकारी मेजर व्हिटलॉक यांची कचेरी. शेख रहमा आत्ताच भेटून गेले आहेत. दुभाषी मुर्शिद दाराशी उभा आहे.)

व्हिटलॉक : ...मग तुझा चेहरा असा का? शेख हसत गेले. सात महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मुर्शिद : म्हणूनच, साहेब.

व्हिटलॉक : कराराचा कागद सोबत नेला. उद्या दुपारपर्यंत शिक्का उठवून पाठवतो म्हणाले. बारा कलमं, मुर्शिद! मला वाटलं होतं, एकेका कलमावर आठवडा घालवतील. युद्ध चालू आहे तोवर त्यांची माणसं माझ्या कोर्टात, त्यांच्या बोटींची झडती माझ्या हातात, आणि कुणालाही त्यांना न विचारता इथून हलवायचं तर तेही मीच ठरवणार. एका बैठकीत सगळं कबूल!

मुर्शिद : कलमांबद्दल ते एक अक्षर तरी बोलले का? आठवून बघा.

व्हिटलॉक : बोलले की. ‘माझ्या मनात काय आहे ते तुम्ही जाणता.’ मी म्हटलं, जाणतो, सगळं होईल, काळजी सोडा, कहवा प्या. अरबी चांगलं बोललो ना?

मुर्शिद : फार चांगलं. मला तोंड उघडायलाही जागा ठेवली नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्हिटलॉक : कोड्यात बोलू नकोस.

मुर्शिद : त्यांनी पेला घेतला, ओठाला न लावता समोर चटईवर ठेवला. पाहिलंत?

व्हिटलॉक : पाहिलं. गरम असेल.

मुर्शिद : गरम! साहेब, ज्याला काही मागायचं असतं तो यजमानाचा कहवा पीत नाही. पेला समोर ठेवून बसतो. यजमान ‘पी’ म्हणाला की मागणं मंजूर. मग घरदार विकायची पाळी आली तरी माघार नाही. या किनाऱ्यावर खून माफ झालेत असे. तुम्ही तर दोनदा म्हणालात, प्या, प्या.

व्हिटलॉक : अरे देवा. आणि मी काय देऊन बसलो?

मुर्शिद : त्यांचा भाऊ. सक्र.

व्हिटलॉक : तो विमानतळवाला? ज्यानं जमीन द्यायला विरोध केला?

मुर्शिद : तोच. आठ वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी त्याला बोलणी करायला म्हणून जहाजावर बोलावलं आणि तसंच नांगर उचलून नेलं. हिंदी महासागरातल्या कुठल्याशा बेटावर आहे. दरबारात शेखांच्या उजव्या हाताची गादी अजून रिकामी असते. दरबार पाहुण्यांनी खचाखच भरला तरी तिथे कुणाला बसू देत नाहीत.

व्हिटलॉक : मी बसलो होतो तिथे. पहिल्याच दिवशी.

मुर्शिद : हो. मी खोकलो होतो.

व्हिटलॉक : माझ्या हातात नाही हे, मुर्शिद. वरचे साहेब ऐकायचे नाहीत. तू आत्ता जा आणि सांग की गैरसमज झाला. मला रीत माहीत नव्हती.

मुर्शिद : जातो. चपला घालतो आणि जातो. पण एव्हाना ते आईच्या खोलीत पोहोचले असतील. म्हातारीला दिसत नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं असेल. मी तिथे जाऊन काय म्हणू? साहेबांना रीत माहीत नव्हती, म्हातारे, तुझा मुलगा येत नाही?

व्हिटलॉक : थांब. मी चमचा चुकीच्या हातात धरला तरी तू खोकतोस. आज पेला खाली ठेवलेला तू पाहिलास. मग आज का नाही खोकलास?

मुर्शिद : नाही खोकलो.

व्हिटलॉक : विसरलास?

मुर्शिद : विसरलो नाही. जीभ चावून उभा होतो. सक्रची बायको माझी सख्खी बहीण आहे, साहेब. मौझा.

व्हिटलॉक : त्याच्या कागदांत हे कुठेच नाही.

मुर्शिद : बायकांची नावं तुमच्या कागदांत कशी असतील? लग्नाला चार महिने झाले होते. चार महिने! मोत्यांच्या हंगामाला गेलेला माणूस तेवढ्यात परत येतो. दर वर्षी नवा खजूर उतरला की ती एक डबा भरून नाखव्याकडे देते. पोहोचतो की वाटेतच कुणी खातं, अल्लाला ठाऊक. वर्षातून एक पत्र येतं, मी वाचून दाखवतो. अर्ध्या ओळी शाईनं काळ्या केलेल्या. ती त्या काळ्या ओळींवरून बोट फिरवते आणि म्हणते, बघ, माझ्याबद्दल इथे लिहिलं असणार.

व्हिटलॉक : ...मी समजू शकतो. माझी रजा काल रद्द झाली. बायकोला, हेलनला, दोन वर्षं पाहिलं नाही. आता तिचा आवाजही नीट आठवत नाही, शब्द आठवतात फक्त.

मुर्शिद : वाईट वाटतं, साहेब. खरंच. पण तुम्हाला घेऊन जायला बोट कधीतरी येणार आहे.

व्हिटलॉक : आपल्याकडच्या नकलेतलं कलम सात वाच. मोठ्यानं.

मुर्शिद : ‘अधिकाऱ्यास कोणत्याही इसमास शेखाच्या हद्दीतून हलवून योग्य वाटेल तेथे ठेवता येईल.’

व्हिटलॉक : आणि परत आणायचं?

मुर्शिद : ते कलम नाही. मसुद्याची नक्कल मीच केली, साहेब. तीनदा शोधलं.

व्हिटलॉक : मला सुचलंच नाही ते. टेबलाशी बसून बारा कलमं लिहिली आणि हे सुचलं नाही. कागद घे. वर तार करायची. ‘शेख सर्व कलमांवर शिक्का देण्यास तयार. एक अट. भाऊ सक्र यास परत आणावे.’

मुर्शिद : त्यांनी अट घातली नाही, साहेब. फक्त मागितलं.

व्हिटलॉक : वर मागणं कळत नाही, अट कळते. पुढे लिही. ‘अट मी सरकारच्या वतीने मान्य केली आहे.’

मुर्शिद : सरकारच्या वतीने? विचारल्याशिवाय? तुमची नोकरी जाईल.

व्हिटलॉक : जाईल कदाचित. तुझीही. न खोकल्याबद्दल.

मुर्शिद : नाही म्हणाले तर?

व्हिटलॉक : तर मी स्वतः शेखांकडे जाऊन सांगेन. तुला नाही पाठवणार. सही कुठे करू?

मुर्शिद : इथे. खाली तारीखही घाला.

व्हिटलॉक : एक गोष्ट मात्र मला बोचतेय. शेखांनी तो कागद नीट ऐकलाय ना? भाऊ आला तरी शिक्क्यानंतर त्याच कागदानं त्याला दुसऱ्याच दिवशी पुन्हा नेता येईल. मी नाही नेणार, पण माझ्या जागी येणारा नेईल. हे कळतंय त्यांना?

मुर्शिद : कळतंय. काल मीच वाचून दाखवलं, दोनदा. तुम्ही म्हणता तेच मीही म्हटलं.

व्हिटलॉक : मग? काय म्हणाले?

मुर्शिद : म्हणाले, नेतील तेव्हा नेतील, मुर्शिद. आधी एकदा येऊ तर दे.