कँपेरहून कांतालला जायचं कशाने?

...नको, नको, नकाशा उघडूच नका! मिटा तो आधी! तुम्हाला सांगतो, या फ्रान्सच्या नकाशाने माझं जेवढं रक्त आटवलंय ना, तेवढं सलूनातल्या एकाही गिऱ्हाइकाने आटवलं नाही. आणि माझ्या सलूनात कोण कोण यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, अर्ध्या कँपेरची डोकी या हातांखालून गेलीयेत! पण नकाशा... काय हो, साधा प्रश्न होता. रेल्वे की गाडी? बस्स. एवढंच ठरवायचं होतं. लोक चंद्रावर जाऊन आले, त्यांनाही इतकी चर्चा करावी लागली नसेल.

झालं काय, एका सकाळी फोन वाजला. ओदीलने, म्हणजे माझ्या बायकोने, उचलला. पलीकडून आवाज आला, "गायी विकल्या. रविवारी दुपारी कोंबडा करतोय. यायचं असेल तर या." खट्ट! फोन बंद. ओदील तशीच उभी, फोन कानाला, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, कोण गेलं? ती म्हणाली, "कोणी गेलं नाही. बाबा होते."

आता तुम्ही म्हणाल, बापाचा फोन आला तर रडायचं काय त्यात? अहो, बापाने वर्षानुवर्षं फोन केला नव्हता! सासूबाई गेल्या तेव्हा ओदील त्यांना म्हणाली होती, "बाबा, इथे एकटे काय करणार, चला आमच्याकडे कँपेरला." तर सासरेबुवा म्हणाले, "जिथे जमीन संपते तिथे मी राहत नाही." ही म्हणाली, "मग मरा त्या गायींमध्ये!" झालं. त्यांनी दार आपटलं, हिने गाडीचं दार आपटलं, आणि तेव्हापासून दोन्ही दारं बंद. नाताळला कार्ड नाही, वाढदिवसाला फोन नाही. आंतोनँ नावाचा हा माणूस कांतालच्या डोंगरात एका टोकाला, आणि आम्ही इकडे समुद्राच्या टोकाला. आणि आता म्हणे कोंबडा करतोय! त्या माणसाच्या भाषेत ती माफी होती हो. त्याहून जास्त शब्द त्याच्याकडे नाहीतच.

तेव्हा जायचं, हे ठरलं. रडत रडत ठरलं, पण ठरलं. आता जायचं कशाने? आमची स्वतःची गाडी वसंतातच शेवटचा श्वास घेऊन मोकळी झाली होती. म्हणजे राहिलं काय, रेल्वे नाहीतर भाड्याची गाडी. साधा प्रश्न!

मी म्हटलं, रेल्वे. ओदील म्हणाली, "चालेल." पण कँपेरहून कांतालला रेल्वेने जायचं म्हणजे आधी पॅरिसला जायचं. का? कारण पॅरिसला जायचं! आमच्या देशात रेल्वेने शेजाऱ्याच्या घरी जायचं झालं तरी आधी पॅरिसला जावं लागतं, तिथे एका स्टेशनावर उतरायचं, बॅगा घेऊन जमिनीखाली शिरायचं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं, तिथून परत जिथून आलो त्याच दिशेने थोडं खाली... मग क्लेर्मों शहर. आणि क्लेर्मोंनंतर? क्लेर्मोंनंतर देवाचं नाव! सासऱ्यांच्या गावी रेल्वे जातच नाही. रूळ होते म्हणे पूर्वी, आता त्यावर लोक सायकली चालवतात.

एवढ्यात माझा भाऊ रेजिस आला. याला न बोलावता येण्याची फार हौस. "काय रेल्वे नि फेल्वे! भाड्याची गाडी घे, राजा! मनात आलं तिथे थांब, मनात आलं तिथे जेव, सगळा फ्रान्स तुझा!" हा माणूस स्वतः सुट्टीत कुठे जातो विचारा. बायकोच्या आईकडे! दोन गल्ल्या सोडून! चालत!

पण ओदीलने गाडीला साफ नाही म्हटलं. "इव्हों, तू गाडी चालवताना आरशात बघतोस ते रस्त्यासाठी नाही, मागे बसलेल्यांचे केस बघायला. आणि बोलताना मान वळवतोस. आणि बोलणं तर तुझं थांबत नाही." मी म्हटलं, खोटं! तर म्हणते, "गेल्या वेळी वळणावर काय म्हणालास? माझ्या भांगाबद्दल बोलत होतास!"

बरं, वाकडाच होता भांग. पण ते राहू द्या.

तुम्हाला सांगतो, चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी ती रेल्वे, मी गाडी. दुपारी मी रेल्वे, ती गाडी. जेवताना दोघंही रेल्वे, पण वेगवेगळी! शेवटी ओदील म्हणाली, "असं करू. अर्धं रेल्वेने, अर्धं गाडीने. क्लेर्मोंपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी." काय डोकं लावलं बघा! म्हणजे रेल्वेचे हाल वेगळे, गाडीचे हाल वेगळे, असं दोनदा कशाला... दोन्ही एकाच प्रवासात!

शनिवारी निघालो. मांडीवर लोण्याचा केक. सासऱ्यांसाठी. आमच्याकडचा, अर्धा मैदा नि अर्धं लोणी. ओदीलने स्वतः केला, नि म्हणाली, "तिरपा करू नकोस." पॅरिसमध्ये जमिनीखाली, त्या गर्दीत, एका हातात बॅग, एका हातात केक, नि तो तिरपा करायचा नाही! लोक माझ्याकडे असे बघत होते की जणू मी बॉम्ब घेऊन चाललोय. कशीबशी दुसरी रेल्वे पकडली, बसलो, हुश्श केलं... आणि गाडी एका शेतात थांबली.

थांबली ती थांबलीच. वाऱ्याने रुळावर झाड पडलं होतं. आता झाडाला कोण काय बोलणार? बाहेर बघावं तर नांगरलेलं शेत, एक कावळा, आणि काही नाही. समोर एक बाई बसल्या होत्या, त्यांनी उसासा टाकला नि म्हणाल्या, "मी ना, एरवी कायम गाडीनेच जाते. आजच रेल्वे घेतली." मी ओदीलकडे बघितलं. ओदीलने कावळ्याकडे बघितलं. लोणी हळूहळू माझ्या विजारीत उतरत होतं... साधा प्रश्न होता हो! रेल्वे की गाडी?

क्लेर्मोंला पोचलो तेव्हा भाड्याच्या गाड्यांचं काउंटर बंद झालेलं. मग एका हॉटेलात पडलो. ओदील रात्रभर कूस बदलत होती. म्हणाली, "उशीर झाला तर त्यांना वाटेल, आपण मुद्दाम केलं." मी म्हटलं, उद्या लवकर निघू, अगदी वेळेवर पोचू. बघा, मीच म्हटलं. माझ्याच तोंडाने!

रविवारी सकाळी काउंटर उघडलं. आत एक मुलगी, गोड हसणारी. मला गोड हसणाऱ्यांची तेव्हापासून धास्ती आहे. "साहेब, तुमची गाडी काल संध्याकाळची होती. तुम्ही आला नाहीत, दिली आम्ही." मी म्हटलं, बाई, झाड पडलं होतं. ती म्हणाली, "अय्यो!" म्हटलं, अय्यो नको, गाडी द्या. ती म्हणाली, "एक आहे. जरा मोठी आहे." जरा! बाहेर नेऊन दाखवली. अहो, नऊ माणसांची व्हॅन! अख्खा फुटबॉलचा संघ नेणारी! मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. तर परत गोड हसून म्हणाली, "मग ऐसपैस बसा!"

आणि ओदील कुठे बसली? सगळ्यात मागे. शेवटच्या रांगेत. म्हणाली, "मला पुढचं दिसायला नको." मी पुढे एकटा, मध्ये रिकाम्या खुर्च्या, आणि पार मागे माझी बायको, मांडीवर केक. जणू मी शाळेची बस चालवतोय नि एकच पोरगी पास झालीये! रस्ता सांगायची तीच, कारण ते तिचं माहेर. आणि त्या इंजिनाच्या घरघरीत...

"इव्हों! डावीकडे!"

"काय?"

"डावीकडे!"

"वेडा कोणाला म्हणतेस?"

गेलं वळण! मग त्या अरुंद घाटात तेवढी मोठी व्हॅन मागे घ्यायची, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, नि मागून बायको ओरडतेय, "आता आरशात बघ! आता बघ ना!"

पुढे एक गाव लागलं तर रस्ताच बंद. रविवारचा जुन्या वस्तूंचा बाजार. सगळं गाव रस्त्यावर टेबलं मांडून आपल्या आज्यांचे दिवे विकत बसलेलं. पिवळं जाकीट घातलेला एक गृहस्थ हात आडवा करून उभा. "बंद आहे." मी म्हटलं, मग जायचं कसं? "वळसा घाला, डोंगराच्या पलीकडून." मी म्हटलं, भल्या माणसा, आम्ही कँपेरहून आलोय, सासऱ्यांचा कोंबडा थंड होतोय! त्याने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं, मागच्या रांगेतल्या ओदीलला नमस्कार केला, नि मला म्हणाला, "कँपेरहून? मग रेल्वेने यायचं की हो!"

मी काही केलं नाही. कायदा आहे या देशात, नाहीतर...

जेवणाची वेळ टळून गेली. डोंगरात फोन लागेना. धुकं उतरलं. आणि एक वळण घेतलं तर समोर सासऱ्यांची कुरणं. हिरवीगार, रिकामी. मागून ओदीलचा आवाज आला, अगदी बारीक. "एक पण गाय नाही रे." आणि मग, "परत फिर, इव्हों. जेवून झोपले असतील. परत भांडण नको व्हायला." मी गाडी तेवढी पुढे नेत राहिलो. परत फिरायला तिथे जागाही नव्हती म्हणा.

अंगणात व्हॅन उभी केली. जुना लाल ट्रॅक्टर, लाकडांची रास, आणि दारात आंतोनँ. ऐंशी ओलांडलेला माणूस, ताठ, अंगात चांगला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. त्यांनी व्हॅन बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. "किती जण आलात?"

मी म्हटलं, दोघंच.

"मग बाकीचे कुठायत?"

मागचं दार उघडून ओदील उतरली. घाटाने चेहरा हिरवा पडलेला, केसांचं घरटं, हातात चेपलेला केक. बापलेक समोरासमोर. कोणी हलेना. मला वाटलं, आता पुन्हा दारं आपटणार!

सासरेबुवा म्हणाले, "कोंबडा वाळला."

"असू दे."

"तुझ्या आईने फेकून दिला असता."

"आईने कधी काही फेकलं नाही. तिने सूप केलं असतं."

म्हातारा म्हणाला, "तेच तर मला जमत नाही, पोरी. सूप." आणि ओदील धावली, नि तो केक दोघांच्या मध्ये पार चिरडला, नि मी दुसरीकडे बघितलं. ट्रॅक्टरकडे. बराच वेळ बघितलं.

आत गेलो तर टेबलावर तीन ताटं मांडलेली, पाव कापडात गुंडाळलेला, कोंबडा अख्खा. एक पंखसुद्धा तोडला नव्हता त्यांनी. उपाशी बसले होते. ओदीलने विचारलं, "का नाही जेवलात?" म्हणाले, "यायचं असेल तर या म्हटलं होतं. येणार नाही असं तुम्ही कुठे म्हणालात?"

आणि मग ते माझ्याकडे वळले. "एवढा वेळ? आलात कशाने?"

मी सांगितलं. पॅरिस, झाड, काउंटर, व्हॅन. सगळं ऐकून म्हातारा लेकीला म्हणतो, "गाडीने सरळ नाही येता आलं याला?" आणि ओदील, माझी बायको, जिने गाडीला साफ नाही म्हटलं होतं ती ओदील म्हणते, "मी तेच म्हणत होते, बाबा!" मग दोघं मिळून जे सुरू झाले... वर्षानुवर्षं बोलले नव्हते, सगळं साठवून ठेवलेलं, ते सगळं माझ्या रेल्वेवर नि माझ्या गाडीवर! कोंबडा संपला, चीज संपलं, चिरडलेला केक चमच्याने खरवडून संपवला, तरी यांचं संपेना. पण ती हसत होती हो. हसता हसता डोळे पुसत होती. म्हटलं, घाला शिव्या. घाला!

निघताना ओदीलने जपून विचारलं, "बाबा, आता गायी नाहीत. याल कँपेरला?"

त्यांनी रिकाम्या कुरणांकडे बघितलं. मग म्हणाले, "राहायला नाही. बघायला येईन. जमीन संपते म्हणजे नेमकी कुठे संपते, ते बघायला."

आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाने याल? रेल्वे की गाडी?" ओदीलने माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. म्हातारा म्हणाला, "रेल्वे? रेल्वेची खिडकी उघडत नाही. मला नाही चालत. आणि गाडी? गाडी चालवणार कोण, तू?"

तर आता ते निघालेत. ट्रॅक्टरने!

हसू नका! खरंच निघालेत. त्या लाल ट्रॅक्टरने, मागच्या ट्रॉलीत गादी, चीजची चाकं, वाइन नि छत्री. कांतालहून कँपेरला, अख्खा फ्रान्स तिरका कापत, माणूस सायकलने पुढे निघून जाईल इतक्या वेगाने! कोणाच्या खळ्यात झोपतात, कोणाच्या घरी जेवतात, वाटेत कोणाच्या गायीचं दुखणं बघतात. रोज नवीन गावाहून फोन. "ओदील, इथल्या गायी बघायला हव्यात तू, नुसती हाडं!" आणि ही तासन् तास फोनवर, खिदळतेय. पॅरिस त्यांच्या वाटेत आलंच नाही. उशीर नाही, बदलाबदल नाही, कोणी म्हणत नाही की रेल्वेने यायचं होतं. सुखात चाललाय म्हातारा! आणि मी इथे त्यांच्यासाठी खोली रंगवतोय.

परवा फोन मला दिला. मी म्हटलं, आंतोनँ, परत जाताना तरी आम्ही तुम्हाला आरामात पाठवू. तर म्हणाले, "परतीचं ठरलंय. ओदीलशी बोललो मी. तू येणार आहेस सोबत. मला वाटेत बोलायला माणूस लागतो, आणि ती म्हणते, तुझं बोलणं थांबत नाही. मडगार्डवर बसायला जागा आहे. लोखंडी आहे, पण आहे."

मी बायकोकडे बघितलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

काल बाजारात जाऊन उशी घेऊन आलो. जाड मागितली होती. पातळच शिल्लक होती.