कल्पनाताईंची फर्स्ट शिफ्ट

आमच्या शेंद्र्याच्या कंपनीतल्या कल्पनाताईंचं सांगतो तुम्हाला. बाई करमाडच्या, डिप्लोमा झालेला, पदरात दोन लेकरं, अन् इंजिनिअरिंगच्या डिग्रीची लई हौस. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन डिग्रीचा विचार चालला होता. तसल्या एका संस्थेतल्या मुलीचा प्रवेश घ्या म्हणून त्यांना सारखा फोन यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून ताईंनी तिला विचारलं, "खरं सांग बाई, तुझ्या सख्ख्या बहिणीला घेऊ देशील का ही डिग्री?"

पोरगी हळूच म्हणाली, "नाय ताई. कॉलेजात नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात, ते बघा."

डबा तसाच ठेवून ताई थेट मॅनेजरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, संध्याकाळी कॉलेजला जायचंय. मला कायमची सकाळची, फर्स्ट शिफ्ट पाहिजे."

"अहो, आजवर कुणालाच दिली नाही तशी."

"व्हय साहेब, पण आजवर मागितली कुणी होती?"

साहेबांनी शिफ्टचा तक्ता पुढे ओढला. सोमवारपासून ताईंची शिफ्ट बदलली. आता त्या शेवटच्या वर्षाला आहेत, अन् फर्स्ट शिफ्ट मागायला साहेबांच्या दारात आमची रांग लागलीय.