फ्रिज आणि वैऱ्याचं गाढव

लेक : मित्राचं नाही बाबा, वैऱ्याचं. ‘तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर त्याच्यासोबत ते ओझं उतरव.’ आपल्या तोरा ग्रंथाच्या या आठवड्याच्या पाठातली आज्ञा आहे. शनिवारी सिनेगॉगमध्ये मी यावरच बोलणार, आणि आज नेमके काका आपल्या जिन्यात फ्रिज घेऊन अडकलेत. असं कधी होतं का?

बाबा : गाढव कुठाय? मला नुसता फ्रिज दिसतोय.

लेक : गाढव म्हणजे ओझं वाहणारा.

बाबा : मग आहे. वळणावर उभं आहे.

काका : ऐकू येतंय मला. दार उघडं आहे तुमचं.

बाबा : त्याला सांग, ऐकू जावं म्हणूनच उघडं ठेवलंय.

लेक : सख्ख्या भावाला माझ्यामार्फत निरोप देऊ नका. काका, एकटेच कसे?

काका : जोडीदार काम सोडून गेला. वरच्या बाईंना फ्रिज आजच हवाय. तू तुझं भाषण कर बाळा, मी काढतो.

बाबा : काढतो म्हणे. हे वळण एकट्याने निघत नाही. टेम्पोवरचं माझं नाव खरवडताना सुचलं नाही ते.

काका : धंदा सोडून तू गेलास. नाव काय शोभेला ठेवायचं होतं?

लेक : पुढचं तर ऐका, मला तेच सगळ्यात आवडलंय. समजा, मित्राच्या गाढवावर ओझं चढवायचंय आणि वैऱ्याच्या गाढवाचं उतरवायचंय. तर आधी वैऱ्याकडे जायचं. का, तर आपलाच हट्ट वाकवायला.

बाबा : हे ठरवणाऱ्यांना भाऊ नसणार.

काका : यायचं तर ये, नाहीतर राहू दे. आज्ञा तुला आहे, मला नाही. मी हा बसलो.

लेक : काका, फ्रिज सोडू... नाही, बरोबर आहे. भिंत आणि कठडा यांच्यात पाचरीसारखा रुतलाय, घसरणार नाही. बसा.

बाबा : बसला? खरंच बसला? मग मी सुटलो. परवा तूच वाचून दाखवलंस. मालक बसून राहिला आणि ‘आज्ञा तुझी, तूच उतरव’ म्हणाला, तर दुसऱ्यावर सक्ती नाही. ‘त्याच्यासोबत’ असं लिहिलंय.

लेक : लिहिलंय खरं. तुम्ही इतकं लक्ष देऊन ऐकत होता?

बाबा : कामाचं तेवढं ऐकतो.

लेक : मग तिथलाच अपवादही ऐका. मालक म्हातारा किंवा आजारी असला तर... काका, तुम्ही का बसलात?

काका : दमलो.

लेक : दमलेला माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून तिरका बसतो?

बाबा : दादा. कंबर?

काका : मणका सरकलाय. हिवाळ्यापासून. बाहेर बोलू नका. सामान वाहणाऱ्याची कंबर गेली म्हटल्यावर काम कोण देतं?

बाबा : आणि असा फ्रिज ओढत होतास.

काका : तू सुटलायस ना? जा आत.

बाबा : आजारी असला तर काय म्हणालीस गं?

लेक : तर सुटका नाही.

बाबा : सरक दादा. पट्टा दे इकडे. पोरी, तू खालून येऊ नकोस, वरूनच धर.

काका : पण ते ‘सोबत’चं काय? माझा तर हातही लागणार नाही.

बाबा : मला इथून पुढचा कोपरा दिसतोय का? तू सांग.

काका : आधी डावीकडे टेकव. थोडा तुझ्या अंगावर घे... अजून. घाई करू नकोस, मी बघतोय.