टोला न पडलेला दिवस

—न्हाई न्हाई, तिथं नगा बसू कुसुमताई, त्या पोत्याला चुना लागलाय, तुमचं पातळ खराब व्हईल — हितं बसा, ह्या पाटावर. पानी घ्या आधी. काय म्हनलात? मंजूर झालं? म्हंजी — हौसाला सोडनार? घरी? अगं बाई! आन् एवढं सांगाया तुमी पुन्यासनं आलात, टेसनापासून उन्हात चालत! नुसता निरोप धाडला असता तरी मी धावत आले असते. बगा की घर, बगायाच तर आलाय. पत्रा नवा हाय. चूल बाहेर नेली, पोरीला धूर नको. ही गोधडी तिच्यासाठी शिवली, माझ्याच जुन्या लुगड्यांची, टाके जरा वाकडे हायेत पन ऊब हाय. आन् कामाचं म्हनाल तर आता बांधकामावर पाट्या वाहाया न्हाई जात मी — शेजारच्या छबूबाईनं शाळंत झाडलोटीचं लावून दिलं. म्हंजी हौसा शाळंत आन् मी बी शाळंतच. हे लिहा वहीत, चांगलं दिसंल. व्हय, तीच छबूबाई. जिनं पोलीस आनले व्हते. दोन वर्सं बोलत नव्हते मी तिच्याशी. मग एक दिवस तीच आली, म्हनली, मंजुळा, मी पोरीसाठी केलं, तुझ्या वाइटासाठी न्हाई.

काय बगताय? ती मेढ? तीच हाय. पत्रा बदलला पन मेढ न्हाई बदलता आली, समदं छप्पर तिच्यावर हाय.

पुन्हा सांगू? कोडतात सांगितलंय की समदं. बरं, तुमी नव्या हाय, तुमाला ठावं नसंल — सांगती. आमी करमाळ्याकडची. हौसा दोन वर्सांची असताना हितं कामाला आलो, रुळाच्या पलीकडं एका शेठचा कारखाना उठत व्हता, त्याच्या भिंती. फाळनीत आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी तवा नव्या व्हत्या कँपात. ज्योतीराम — हौसाचा बाप — आठ दिवसांच्या तापानं गेला. मग मी एकली. पोरीला बरोबर न्यायची, वाळूच्या ढिगावर बसवायची, समद्या बायका तसंच करायच्या. तिथं चुना विझवायचा हौद व्हता. तुमी बगितलाय कवा? वरनं साय धरल्यागत पांढरा दिसतो, आन् आत रटरटत असतो. आमच्यातली शालन — तिचं पोर नुकतं चालाया लागलेलं — त्यानं त्या सायीवर पाय दिला. पुढचं न्हाई सांगत. दुसऱ्या दिवशी हिंदुराव मुकादम म्हनला, हितनं पुढं एक बी पोर कामावर दिसलं तर आईसकट बाहेर. मग काय करनार? बांधली. ह्याच मेढीला. आधी कमरंला बांधायची, ती गाठ सोडाया शिकली, मग पायाला. दोरी एवढीच की तांब्यापातूर हात पोचावा, चुलीपातूर न्हाई. चतकोर भाकरी ठेवायची. मुकादमानं रुळाचा तुकडा टांगला व्हता, सकाळी हातोडीनं वाजवायचा, त्याला टोला म्हनायचे. टोला पडला की बांधायची, सांजचा टोला पडला की पळत सुटायची घराकडं. दोन वर्सं. मग छबूबाईनं पोलीस आनले, पोरीला आश्रमात नेलं. कोडतात हे सांगितलं तवा मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हनल्या, हा गुन्हा ह्या बाईचा न्हाई, गरिबीचा हाय. समद्यांनी माना हलवल्या. तुमच्या कागदावर बी तेच असंल — हाय ना?

रोज? व्हय, रोजच — म्हंजी कामाच्या दिवशी. कामाच्या दिवशीच. का? — असं का विचारलं तुमी? हौसा काय म्हनली का? न्हाई? मग सहज विचारलंत? सहज... बरं.

रुक्मिणीबाईंचे लई उपकार हायेत, त्या आश्रमातल्या मोठ्या बाई. पोर तिथं गेली तवा दार लावलं की किंचाळायची. सहा महिनं त्या दार उघडं ठेवून तिच्याजवळ निजल्या. माझ्या पहिल्या खेपेला मला बगून ती त्यांच्या पदराखाली शिरली आन् तिथंच उभ्या उभ्या मुतली. मी रडाया लागले, तर रुक्मिणीबाई मलाच दटावून म्हनल्या, रडायचं न्हाई, हात बी लावायचा न्हाई, नुसतं बसायचं, ती आपनहून येईल. दर महिन्याला जायची आन् नुसती बसायची. सातव्या खेपेला तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढासा हात. मी हललेच न्हाई, पायाला मुंग्या आल्या तरी. मग पुढं बोलाया लागली, वेनी घालून घ्याया लागली. लिहाया येतं तिला आता, माझं नाव लिहून दाखवलं. मैत्रिणींना सांगते, माझ्या आईला काम असायचं ना, म्हनून. माझी बाजू घेते, ताई. आठ वर्सांची पोर.

नगा ती शाई काढू. थांबा जरा. अंगठा देते, पळून न्हाई जात — थांबा.

मागल्या खेपेला वेनी घालत व्हते. पाठमोरी बसून विचारते — आई, बाजारच्या दिवशी टोला पडत नव्हता ना?

बाजारच्या दिवशी काम बंद असायचं, ताई. समद्यांना सुट्टी.

लिहू नगा — न्हाई, लिहा. लिहाच. बाजारात पोर कडंवर, डोक्यावर ओझं, तिचा हट्ट — एकदा वाटलं, तासाभराचं तर काम हाय, बांधून जाऊ. गेले. परत दाराशी आले तर आतनं आवाज — आई आली, आई आली. माझी पावलं वळखायची ती. आन् मी कडीला हात लावला, आन् काढली न्हाई. मागं फिरले. नदीवर गेले, पवनेच्या काठाला धुन्याच्या धोंड्यावर पान्यात पाय सोडून बसले. काय केलं? काय बी न्हाई. बायका धुनी धूत व्हत्या ते बगितलं. दिवस कलला तवा उठले. मला बरं वाटलं, ताई. तेच तर कुनाला सांगता येईना. नवरा गेल्यापासनं पहिल्यांदा बरं वाटलं. मग पुढच्या बाजारला पुन्हा. मग दर बाजारला. मारलं न्हाई कधी तिला, उपाशी न्हाई ठेवलं. नुसती जायची. तिच्या घोट्याला वन हाय, डाक्टरनं लिहिलंय दोरी काचून झाला. कामाच्या दिवशी दोरी न्हाई काचली कधी, ती गप पडून असायची, तिला ठावं व्हतं आई सांजला येनार. त्या पहिल्या बाजारला माझी पावलं दारापातूर येऊन माघारी गेलेली ऐकली, तवा वढली तिनं.

तर पोर विचारते, टोला पडत नव्हता ना? आन् मी म्हनले, आधी बी दर वक्ताला म्हनले व्हते तसंच — पडायचा की. तुला ऐकू येत नसंल.

मान हलवली तिनं. म्हनली, व्हय, मला नसंल ऐकू येत.

झालं. वेनी पुरी केली, फीत बांधली, निघाले. जाताना फाटकात रुक्मिणीबाई म्हनल्या, पोर बरी हाय, फकस्त एक खोड हाय — जेवनाची घंटा झाली की शेजारच्या पोरीला विचारते, खरंच झाली का गं? आपल्याच कानावर इस्वास न्हाई तिचा. रुक्मिणीबाईंना कळंना असं का. मला कळलं. मी तिथं उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बगत व्हते आन् म्हनले, लहान हाय अजून.

आता तुमी कागद घेऊन आलाय. लई वाट बगितली ह्या कागदाची. खरं सांगितलं तर ती यायची न्हाई, कशाला येईल? आन् न सांगता आनली तर ती रोज ह्या मेढीपाशी जेवाया बसनार, रोज मला काही ना काही विचारनार, आन् मी रोज तिलाच खोटी पाडनार. मला दुसरं येतच न्हाई, ताई. चार वर्सं तेच करते.

असं बगू नगा माझ्याकडं. कीव नको. मॅजिस्ट्रेटबाईंवानी गरिबी म्हनू नगा, बाजारच्या दिवशी गरिबी कुठं व्हती? ती बी सुट्टीवर व्हती.

कागद ठेवा पिशवीत. अंगठा आज न्हाई. मी येती तुमच्यासंगट, आत्ता, दुपारची गाडी मिळंल. छबूबाईला सांगती शाळंचं बगाया. हौसाला मी सांगनार, समोर बसून, जसं झालं तसं. ती रडंल, आत पळंल, पुन्हा पदराखाली शिरंल — शिरू द्या. येत न्हाई म्हनली तर कागद तिच्यासमोर फाडा. तुमी आन् रुक्मिणीबाईंनी मधी बोलायचं न्हाई. आई थकली व्हती, आई एकटी व्हती, असलं काय बी सांगायचं न्हाई तिला. एवढं वचन द्या मला.

चला, उठा. आन् वाटंत माझ्याशी बोलू नगा — बोललात तर मी टेसनावरनं माघारी फिरंन.