दादाच्या नंबरवरून

आमच्या आबांनी एका बोटानं सगळं गाव कसं अडवलं, ते ऐका.

दादा जाऊन अजून वर्ष झालं नाही. त्याचा मोबाईल आबा खिशात ठेवतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून आलेलं सगळं गावच्या ग्रुपवर पुढं ढकलतात. त्यात एक मेसेज गेला, की गोवरची लस दिली की पोरं लुळी पडतात.

लसीच्या दिवशी अंगणवाडीकडं कुणी फिरकलंच नाही. दादाची पोर कडेवर घेऊन वहिनीही उंबऱ्यातच थांबली. "भाऊजी, यांच्याच नंबरवरून आलंय. गेलेलं माणूस खोटं कावून सांगंल?"

माझं डोकंच फिरलं. आबांवर ओरडलो, "कावून पाठवता असलं?"

आबा हळूच म्हणाले, "आरं, काई बी पाठवलं की लोक हात जोडल्याचं चित्र धाडतेत. त्याच्या नावाला कुणी हात जोडतंय, बरं वाटतं."

मग मी ग्रुपवर आवाज भरायचं बटण दाबून मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला. "बोला आता."

आबा खाकरले. "मी त्याचा बाप बोलतोय. मागचं न वाचता गेलतं, ते खोटं हाय. आमची नात लस घ्यायला निघाली, तुमी बी या."

तासाभरात अंगणवाडीपुढं रांग लागली. सुई टोचताच पोरीनं असं भोकाड पसरलं, की रांगेतला माझा दोस्त म्हणाला, "बे, आवाज तर थेट तुझ्या दादाचा हाय!" रडणाऱ्या पोरीला थोपटत वहिनी हसली.

आबांनी मोबाईल काढला. "हिचा आवाज टाकू का ग्रुपवर?"

"टाका," मी म्हणालो, "त्याच्याच नंबरवरून."