मुठीचं माप

टिंग् — नाही हो, जेवणाची घंटा नाही ती, बसा, बाई, बसा. जेवणाला वेळ आहे अजून, निळ्या एप्रनमधल्या सिस्टर बोलवायला येतील तेव्हा जा. मी तोंडानं काढला तो आवाज. नीट जमत नाही, पुढचे दात गेलेत, वारा निसटतो. खरा आवाज फार बारीक होता. सुरीचं पातं दोऱ्याला टांगायचं आणि खिळ्यानं त्याला हलकेच टिचकी मारायची, की टिंग् — आणि मग तो लांबतच जायचा, लांबतच जायचा, आपल्याला वाटावं संपला, तर अजून आहे. किती वर्षं झाली त्याला, पण कानातून जात नाही. हसताय का? हसा, हसा. तुम्ही हसलात की मला बरं वाटतं.

सुऱ्या घडवणारा होता एक, त्याच्या दुकानातला हा आवाज. सगळे त्याला ठणठण म्हणायचे. ऐरणीवर ठोकून ठोकून कान गेले होते बिचाऱ्याचे. आणि गंमत बघा — पातं चांगलं की वाईट ते आवाजावरूनच कळतं, आत केसाएवढी चीर असली तरी ते टिंग् म्हणत नाही, थप् म्हणतं, फुटक्या मडक्यासारखं — आणि ते ज्यानं ऐकायचं तोच बहिरा. मग गिऱ्हाइकालाच ऐकायला लावायचा. 'माझे कान गेले, तुमचे वापरा,' असं ओरडायचा, जसं काही आपणच बहिरे. तर त्या दिवशी माझ्या बायकोनं ऐकलं. तिनं डोळे मिटले. पहिलं पातं वाजवलं — मान हलवली, नको. दुसरं — नको. पुढचं वाजलं आणि डोळे न उघडताच तिनं बोट वर केलं, थांबा म्हणून. आवाज पुरता विरेपर्यंत बोट वरच. मग म्हणाली, 'हे द्या. हे शेवटपर्यंत बोलतं.'

माझी बायको हो. तुमच्याच वयाची. उंचीही तुमच्याएवढीच. — नाही, तुम्ही नसाल ओळखत. — इथंच असते ती. कुठल्या खोलीत? तुमची खोली कुठली? जिन्याजवळची, पिवळ्या पडद्याची? मग तीच की. त्याच खोलीत असते. नाही दिसली कधी? असेल इकडंतिकडं. मी तिचीच वाट बघतोय, तोवर तुमच्याशी बोलतो. चालेल ना? — चालेल म्हणाल्या. बरं झालं.

धंदा आमचा सोफे-खुर्च्या शिवण्याचा. जुनं कापड काढायचं, खालचं तरट, काथ्या, फोम, सगळं सोलून टाकायचं आणि नवं चढवायचं. ती मशीनवर बसायची, मी खाली जमिनीवर. गादीच्या कडेला गोल दोरीसारखी शिवण असते ना, पायपिंग म्हणतात तिला, ती तिची. सुतासारखी सरळ. आणि मला दिवसभर सुरी लागायची हातात. आधी मिटणारा चाकू होता माझ्याकडं, खिशात मावायचा. एकदा काथ्या कापताना जोर लावला आणि मिटला — माझ्या बोटांवरच मिटला. टाके पडले, उजव्या हाताचं गाठोडं झालं. दवाखान्यातून ही तडक घरी आली, चाकू उचलला, कचऱ्यात टाकला आणि म्हणाली, 'चला.' म्हटलं, कुठं? 'मिटणारं काही नको आता घरात. उघडं असलेलं बरं, निदान दिसतं तरी.' असं बोलायची ती. तोडून.

तर पातं ठरलं, मग मूठ. ठणठणची रीत अशी, की ओल्या मातीचा गोळा हातात द्यायचा आणि म्हणायचा, आवळा. जीव खाऊन आवळायचा. त्यात बोटांचे खड्डे पडतात, अंगठ्याची जागा पडते, मग तो गोळा वाळवून समोर ठेवायचा आणि त्याच्यासारखं लाकूड तासायचं. आता माझा हात तर बांधलेला. तो ओरडला, 'हात बरा झाला की या!' तर ही पुढं झाली, 'माझ्या हाताचं घ्या माप, आमचे हात सारखेच आहेत.' तो म्हणाला, 'बाई, नवराबायकोचं मन सारखं असेल एखादवेळी, हात नसतात.' तर ही म्हणते कशी, 'हाच हात धरून आले मी ह्यांच्या घरी, मला माप माहीत नाही होय?' दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं हसायला लागली. ठणठणला काही ऐकू गेलं नाही, तोही हसला. आणि हिनं आवळला गोळा, ओठ दाबून, माती बोटांमधून वर येईपर्यंत. मी बांधलेला हात सांभाळत बाजूला उभा. मी गप्पच असतो एरवी. इतकं बोलायला इथं येऊन लागलो.

सुरी तयार झाली, हातात घेतली आणि तिथंच कळलं. अंगठ्याचा खड्डा भलतीकडं, बोटं एकमेकांवर चढायची आणि मधला उंचवटा बरोबर तळव्यात रुतायचा. ही समोर उभी, लहान पोरीसारखी. 'कशी बसते?' मी म्हणालो, 'मस्त.' — काय म्हणणार होतो? तुम्ही काय म्हणाला असता? त्या एका शब्दाला बांधला गेलो बघा. पुन्हा विचारलं की मस्त. तळव्याला फोड आला, मस्त. फोड फुटला, घट्टा पडला, मस्त. कामावर जाताना सुरी कमरेला, बाजारात कमरेला, लग्नाकार्यात चांगल्या कपड्यांवरसुद्धा कमरेलाच. एका लग्नात हिचा भाऊ म्हणाला, 'काय भाऊजी, जेवायला आलात की लुटायला?' मी काही बोलायच्या आधी हीच म्हणाली, 'लुटून झालंय त्यांचं, मला नेलं तेव्हाच.' पंगतीत हशा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचा सुरीवर जीव आहे. होताच. पण सुरीवर नव्हता.

कधी मध्येच ती मशीनवरून उठायची, दोरा तोडायला माझी सुरी उचलायची — आणि काय सांगू, बाई, तिच्या हातात ती अशी बसायची, तिथंच उगवल्यासारखी. 'किती छान केलीय हो,' म्हणायची, 'तुमची मजा आहे बुवा.' तेव्हा सांगायला हवं होतं. घे तुलाच, मला दुसरी करून आणतो, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. नाही म्हटलं. तिनं निवडलेली असताना दुसरी कशाला? — तिला कधी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतोय बघा. तिला नका सांगू हं.

मग ती विसरायला लागली. आधी मशीनची बॉबिन कुठं ठेवली ते विसरली, मग बॉबिन म्हणजे काय ते. भाजी दोनदा फोडणीला टाकायची, मी दोनदा खायचो. ते सगळं चाललं असतं हो. पण एकदा मी कामावरून आलो, तर ही दारात उभी, आणि नजर माझ्या तोंडाकडं नाही, कमरेकडं. एकदम खिडकीत गेली आणि ओरडायला लागली — चोर शिरलाय घरात, सुरी आहे त्याच्याकडं, धावा. शेजारी धावले. मला बघून सगळे जागच्या जागी. मी आपला माझ्याच घरात दोन्ही हात वर करून उभा. खरा चोर असता तर पळाला तरी असता, मी कुठं पळणार? मग मुलगी आली. म्हणाली, 'बाबा, आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही हे.' आणि तिला इथं आणलं. सगळे म्हणाले, तुम्ही सुरी आधीच काढून ठेवायला हवी होती. खरं आहे. पण मला वाटायचं, माझं तोंड विसरेल, तोंडात काय आहे लक्षात ठेवण्यासारखं? — सुरी कशी विसरेल? तिनंच तर कानानं निवडली.

इथं भेटायला आलो त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी तुझा नवरा. तर मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली. सिस्टर म्हणाल्या, 'आजोबा, नातं नका सांगू, नातं सांगितलं की घाबरतात. पाहुण्यासारखं बसा, गप्पा मारा, अहोजाहो करा.' तेव्हापासून मी पाहुणा. बाई म्हणतो, बसा म्हणतो. जमतं आता. — नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणत मी. तिच्याबद्दल चाललंय. माझ्या बायकोबद्दल.

आणि मागच्या खेपेला काय बघितलं सांगू? ती चादरीची कड अशी चिमटीत धरून दुमडत होती, आत दोरी आहे असं समजून, अंगठ्यानं दाबत दाबत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुतासारखी सरळ. म्हटलं, अरे, ही तर पायपिंग घालतेय! सिस्टर म्हणाल्या, 'डोकं विसरतं हो, हात नाही विसरत.' ते एक वाक्य मी घरी घेऊन गेलो. सुरी दाखवायची सोय नाही, पातं बघून पुन्हा ओरडेल. मग मूठच सोडवायला बसलो. पितळेचे खिळे निघेनात. ठणठणचं काम ते, तो गेला पण त्याचे खिळे सोडायला तयार नाहीत. शेवटी छिन्नी लावली. मुठीच्या दोन्ही फळ्या सुटल्या, एक चिरली, आणि पातं पडलं बाजूला, सोललेल्या माशासारखं, बघवेना. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय. आता काही ते पुन्हा बसायचं नाही. फळ्या तेवढ्या परत चिकटवल्या, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून, दोऱ्यानं आवळून. मुलगी म्हणाली, 'बाबा, आयुष्यभर वापरलेली वस्तू मोडलीत?' म्हटलं, कापायचं काय राहिलंय आता. कमर हलकी लागते तेवढी. चालताना एका अंगाला तोल जातो.

ही बघा. नुसती मूठ आहे, भिऊ नका, हिला कुठं धार नाही. माझी बायको येईल तेव्हा येईल, तोवर तुम्हीच धरून बघता का? हातात देत नाही, इथं बाकावर ठेवतो. तुमच्या मनानं उचला. — हां. — हां, अशी. नाही, ती बाजू वर — थांबा, मी नाही सांगत, मी गप्प बसतो, हाताला करू दे. हाताला माहीत असतं. — आवळा थोडी. आवळली? — सैल लागते? अंगठा सरकतोय का? तो इथं जायला हवा, इथं खड्डा आहे बघा, तुमच्या — तिच्या अंगठ्याचा, इथं... इथंच होता. द्या बघू. द्या इकडं.

हा तर माझा अंगठा बसला.

थांबा हं. ही बोटं — माझीच. बरोबर बसली. आणि मधला उंचवटा? रुतायचा ना तो मला? कधी थांबला रुतायचा? मला वाटलं, हात निबर झाला. घट्टा पडला म्हणून लागत नाही असं वाटलं मला. हात नव्हता झाला निबर, लाकूड झिजलं होतं. रोज मुठीत धरून, आणि दर वर्षी वर पॉलिश पेपर मारायचो, तेल पाजायचो, तिची वस्तू आहे, चांगली राहावी म्हणून — घासून घासून घालवला की मी. तिचा हात होता त्यात, सगळा घालवला. एवढी छिन्नी लावली, मोडली, आणि आणलं काय, तर माझाच हात. माझाच हात तुला दाखवायला घेऊन आलो.

तुला म्हणालो का? तुम्हाला. तुम्हाला म्हणायचं होतं. — पण खाली असेल तिचा हात थोडा, करंगळीपाशी, तिथं मी कधी जोर दिला नाही, तिथं असेल अजून. हे घ्या, पुन्हा धरा. करंगळी खाली आणा. अशी नाही, अशी, दाबून — अगं, आण ना बोट इकडं, इथं, इथं लागतंय का बघ काही — अगं, मीच आहे —

नाही, नाही. सोडला. हा बघा, सोडला हात. चुकलं माझं, बाई. मी कुणी नाही. सोफे शिवणारा आहे, बायकोची वाट बघत बसलोय. तुम्ही बसा ना, मी सरकतो लांब, त्या टोकाला जातो. मूठ खिशात घातली, दिसणारसुद्धा नाही. उठू नका. बोलणारसुद्धा नाही मी, नुसतं बसू. — तिकडून नको, ऊन आहे तिकडं, फरशी तापलीय. बाई, चप्पल राहिली तुमची. चप्पल तरी —